पाठ कुठे, पोट कुठे, हे कोण ठरवतं?

मागच्या अंकात या सदरात झेब्राफिशच्या अंड्याचे पहिले चोवीस तास लिहिले होते. सकाळी एक मिलिमीटरही न भरणारं, एका पेशीचं अंडं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच कवचात डोळे, शेपटी आणि नुकतंच हलायला लागलेलं हृदय. त्यावर बरीच पत्रं आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत फिरून तोच प्रश्न: हृदयाचं जनुक कुठलं? डोळ्याचं कुठलं? हा 'कशाचं जनुक' प्रकार मला कॉलेजातल्या उत्तरपत्रिकांतही भेटतो आणि तिथे मी बिनदिक्कत मार्क कापते. इथे मार्क नाहीत, पण खोड मोडायचा विचार आहे. काही पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: मी साखर कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंगशिवाय आमच्याकडे एक नट बसत नसे. माशाच्या अंड्यात ते ड्रॉइंग कुठे असतं? सगळ्या पेशींत जनुकं तीच, तर मग डोक्यातल्या पेशीला आपण डोक्यात आहोत हे कळतं कसं? (एक निवृत्त वाचक, इस्लामपूर)

काका, ड्रॉइंग नसतं. सबंध भ्रूणाकडे वरून बघणारा इंजिनिअरही नसतो. प्रत्येक पेशीला कळतं ते इतकंच, की आत्ता आपल्यापाशी कुठली प्रथिनं येऊन पोचताहेत, किती येताहेत आणि किती वेळ. तेवढ्यावर ती आपली काही जनुकं चालू करते, काही बंद करते. मग तिच्यातूनही प्रथिनं बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींकडे जातात.

सुरुवात मात्र आई करून देते. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवलं तर फलनानंतर पाऊण तासात पहिली पेशी दुभंगते आणि मग दर पंधरा मिनिटांनी विभाजन. आठ पेशी दोन रांगांत चार-चार, सोळा पेशी चार बाय चार, बत्तीस चार बाय आठ, सगळ्या बलकाच्या डोक्यावर नीट मांडून बसवलेल्या. ड्रॉइंग बोर्डावर आयुष्य काढलेल्या माणसाने हे एकदा सूक्ष्मदर्शकातून बघावंच. तीन तासांत पेशी हजाराच्या घरात जातात. आणि एवढं होईपर्यंत भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळपास गप्प असतात! सगळा कारभार चालतो तो आईने अंडं घडवताना त्यात भरून ठेवलेल्या एमआरएनएवर (जनुकाची उतरवून घेतलेली प्रत, जिच्यावरून पेशी प्रथिन बनवते) आणि प्रथिनांवर. दहाव्या विभाजनाच्या सुमाराला भ्रूणाची जनुकं जागी होतात. त्यांना जागं करणारी प्रथिनंसुद्धा आईच्याच शिदोरीतून आलेली, त्यातल्या एकाचं नाव नॅनॉग. जागं झालेलं भ्रूण पहिल्या काही कामांत एमआयआर-430 हे छोटे आरएनए भराभर तयार करतं आणि ते आईचे जुने संदेश मोडीत काढतात.

आता पाठ आणि पोट. हुलुवा नावाच्या जनुकाचा एमआरएनए अंड्याच्या तळाशी, बलकाकडच्या टोकाला असतो. फलन झालं की पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांवरून तिथला ऐवज एका बाजूला वाहून नेला जातो. ज्या बाजूला तो पोचला तिथल्या पेशींच्या केंद्रकांत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन साठतं आणि ती झाली पाठ. हे काम चिनी संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलं. आईकडेच हुलुवा धड नसेल तर पिल्लांना डोकंही नसतं आणि पाठही नाही. बापाकडून चांगली प्रत आलेली असते, पण ती वाचली जाईपर्यंत वेळ टळून गेलेली असते.

सहाव्या तासाला पाठीच्या बाजूला, भ्रूणाच्या कडेवर एक जाडसर उंचवटा दिसायला लागतो. त्याला शील्ड म्हणतात. तो उचलून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला तर तिथे दुसरा कणा, दुसरं डोकं उभं राहतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा पेशी यजमान भ्रूणाच्या असतात. हा प्रयोग मुळात न्यूट या उभयचरावर झाला. जर्मनीत हान्स श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीने तो केला आणि 1924 साली छापून आला. त्याच वर्षी घरात स्टोव्हचा भडका होऊन ती गेली. 1935 चं नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळालं. वर्गात हे शिकवताना मी तिचं नाव आधी घेते.

तो उंचवटा नेमकं काय करतो? 'डोकं व्हा' असा हुकूम सोडत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो मुख्यतः अडवाअडवी करतो. पोटाकडून बीएमपी नावाची प्रथिनं पसरत असतात. शील्डमधून कॉर्डिन नावाचं प्रथिन सुटतं, ते बीएमपीला धरून निकामी करतं. बीएमपी भरपूर असेल तिथे पोटाकडचे अवयव, रक्त आणि त्वचा. मधल्या पट्ट्यात मधलं काहीतरी. आणि जिथे ते पोचूच दिलं नाही तिथे मेंदू आणि चेतारज्जू. झेब्राफिशमध्ये बीएमपीचं एक जनुक बिघडलं की 'स्वर्ल' नावाचा म्युटंट मिळतो. त्याची सगळीच पाठ झालेली असते, पोटाला जागा उरत नाही, अंग बलकाभोवती मुरडत जातं आणि दिवसही पुरा व्हायच्या आत ते मरतं. कॉर्डिन बिघडलं तर उलट, डोकं चिमुकलं आणि रक्ताच्या पेशी वारेमाप. गंमत म्हणजे माशीतही हीच जोडी आहे, पण उलटी बसवलेली. तिची चेतारज्जू पोटाकडून जाते. शेवंडं चिरून बघताना 1822 साली एतिएन जॉफ्रवा सेंतिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने म्हटलं होतं, की हा प्राणी आपल्यासारखाच आहे, फक्त पालथा. लोक त्याला हसले. जनुकांनी त्याची बाजू घेतली, पण पावणेदोनशे वर्षांनी.

पाठ-पोट झालं, तरी लांबीचं राहिलं. माशाच्या पाठीवर स्नायूंचे ठोकळे जोडीजोडीने तयार होतात, त्यांना सोमाइट म्हणतात. दहाव्या तासानंतर साधारण दर अर्ध्या तासाला एक जोडी, तिसाच्या वर जोड्या. शेपटीकडच्या पेशींत एचईआर1 आणि एचईआर7 ही जनुकं चालू-बंद, चालू-बंद होत असतात, कारण त्यांचं प्रथिन जमलं की ते आपलंच जनुक बंद पाडतं आणि प्रथिन संपलं की जनुक पुन्हा सुरू होतं. लेझमाचं पथक डोळ्यांपुढे आणा. ताल प्रत्येकाच्या अंगात असतो, पण पथक एकसाथ राहतं ते शेजारच्याकडे लक्ष असल्यामुळे. पेशींमध्ये हे लक्ष ठेवण्याचं काम डेल्टा आणि नॉच या प्रथिनांचं. आता 'आफ्टर एट' हा म्युटंट बघा. त्यात एक डेल्टा बिघडलेलं आहे. पहिल्या आठ-नऊ जोड्या अगदी सरळ, पुढे सगळा गोंधळ. सहज कुणीही म्हणेल, हे मागच्या सोमाइटांचं जनुक दिसतंय. लंडनमध्ये ज्युलियन लुईस आणि सहकाऱ्यांनी 2000 साली वेगळा अर्थ लावला. पेशी सुरुवातीला तालात असतातच. शेजारचं काही कळेनासं झालं तरी थोडा वेळ ताल टिकतो, मग हळूहळू प्रत्येक पेशी आपापल्या वेळेने चालायला लागते. ते जनुक पुढच्या-मागच्या कुठल्याच सोमाइटाचं नव्हतं. ते एकत्र राहण्याचं होतं.

प्रश्न: मी नववीत आहे. तुमच्या लेखात 'एकडोळ्या टाचणीडोक्या' असं जनुकाचं नाव होतं. अशी वेडीवाकडी नावं का ठेवतात? आणि तो मासा जगतो का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

जगत नाही गं. काही दिवसांतच मरतो.

नावाचं कारण सांगते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि अमेरिकेत बॉस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीवर यांच्या प्रयोगशाळांनी नर माशांना ईएनयू हे रसायन दिलं. त्याने जनुकांत कुठेही, कसेही बिघाड होतात. मग त्यांची पतवंडं जन्मल्यावर माणसं सूक्ष्मदर्शकाशी बसून बघत राहिली, की काय बिघडलंय. जे दिसलं त्यावरून नाव. शेपटी नाही, म्हणून 'नो टेल'. हृदय आहे पण ठोके नाहीत, म्हणून 'सायलेंट हार्ट'. एकच डोळा आणि डोकं टाचणीएवढं, म्हणून 'वन-आइड पिनहेड'. हजारो म्युटंट सापडले, आणि डिसेंबर 1996 मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा अख्खा अंक त्यांनी भरला. नेमकं कुठलं जनुक बिघडलंय हे नंतर शोधायचं. रक्तवाहिन्या आणि रक्त दोन्ही न बनणारा 'क्लोश' 1995 मध्ये माहीत होता, त्याचं जनुक हाती लागलं 2016 मध्ये.

सायलेंट हार्ट बघणं मला जड जायचं. मुंबईच्या प्रयोगशाळेत असताना डिश भिंगाखाली सरकवली की बाकीचं सगळं ठीकठाक दिसे: काळे डोळे, अंगावर रंगाचे ठिपके, मधूनच शेपटीचा झटका. फक्त हृदयाची नळी ताठ, आणि भोवतीची पिशवी पाण्याने फुगलेली. तरी तो चार-पाच दिवस तग धरतो, कारण एवढ्याशा देहाला प्राणवायू त्वचेतूनच झिरपून मिळतो. उंदराचं भ्रूण असं टिकलं नसतं आणि आपल्याला काही बघायलाही मिळालं नसतं.

आता डोळ्याचं. आपल्या सगळ्यांच्याच भ्रूणात डोळे होणाऱ्या पेशींचा पट्टा आधी एकच असतो, मध्यभागी. त्याच्या खालच्या पेशींकडून सोनिक हेजहॉग हे प्रथिन येतं (हो, व्हिडिओ गेमवरूनच नाव ठेवलंय) आणि मधल्या पेशींना डोळा होण्यापासून परावृत्त करतं. मग एकाचे दोन होतात. 'वन-आइड पिनहेड' बिघडलं की त्या खालच्या पेशीच तयार होत नाहीत, म्हणून पट्टा दुभंगत नाही. म्हणजे बघ, त्या जनुकाचं मूळ काम डोळ्याच्या आसपासही नाही. अमेरिकेत आयडाहोच्या कुरणांत मेंढ्यांना एकडोळी कोकरं व्हायची. गाभण मेंढी वेराट्रम नावाची वनस्पती खाते आणि त्यातला सायक्लोपामिन हा पदार्थ हेजहॉगचा मार्ग अडवतो, हे पुढे कळलं. तोच मार्ग अडवणारं, त्वचेच्या एका कर्करोगावरचं विस्मोडेगिब हे औषध 2012 साली अमेरिकेत मंजूर झालं.

प्रश्न: माझ्या टाकीत झेब्रा डॅनिओ आहेत, तेच ना हे? वर्ष झालं, एक अंडं दिसलेलं नाही. (एक वाचक, मिरज)

तेच. अंडी पडत असणार, ते खाऊन टाकतात. संध्याकाळी एक मादी (पोट गोलसर, रंग जरा फिका) आणि एक-दोन नर छोट्या डब्यात ठेवा, मध्ये जाळीचा पडदा, तळाला गोट्यांचा थर. सकाळी उजेड झाल्यावर पडदा काढा. ते पहाटेचे मासे आहेत, उजेड झाल्यावर तासाभरात काम उरकतात. मादी चांगली असेल तर शंभर-दोनशे अंडी गोट्यांच्या फटींत जातात. मासे लगेच बाहेर काढा. पांढरी, अपारदर्शक झालेली अंडी मेलेली समजायची आणि ड्रॉपरने उचलून टाकायची, नाहीतर बुरशी सगळ्यांना खाते. मिथिलीन ब्लूचा थेंब चालेल, पाणी जेमतेम निळसर दिसावं एवढाच. मोबाइलला लावायचं शंभर-दोनशे रुपयांचं भिंग घेतलंत तरी पेशी मोजता येतील. दुपारी डुलकी काढलीत तर पुष्कळ काही हुकेल.

आणखी एक. हा मासा आपला आहे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये त्याचं वर्णन छापलं. प्रयोगशाळेत तो आणला ओरेगॉनच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, 1960 चं दशक संपता संपता, आणि तिथले मासे तुमच्यासारखेच दुकानातून घेतलेले होते! 2009 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेने आसामातल्या रानटी झेब्राफिशचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्था, दोन्हीकडे या माशावर काम चालतं.

प्रश्न: अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने जनुक काढून टाकलं तरी मासा ठणठणीत, असं अनेकदा होतं म्हणे. मग ते जनुक निरुपयोगी म्हणायचं का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

सर, इथे दोन गोष्टी आहेत. पहिली सोपी: माशांच्या पूर्वजांत एकदा सगळा जीनोमच दुप्पट झाला आणि पुष्कळ जनुकांच्या जोड्या अजून शिल्लक आहेत. एक गेलं तर दुसरं वेळ निभावतं.

दुसरी जास्त मजेची. 2000 सालापासून या क्षेत्रात मॉर्फोलिनो वापरायची पद्धत पडली होती. हा कृत्रिम तुकडा एमआरएनएला चिकटून त्याचं प्रथिन होऊ देत नाही. त्याने भ्रूणात ठळक बिघाड दिसायचे. पुढे 2013 पासून क्रिस्परने जनुकच तोडता यायला लागलं, आणि त्यांतल्या कित्येक जनुकांचे म्युटंट धडधाकट निघाले. मोठी खळबळ. मॉर्फोलिनोचे जुने निष्कर्ष खोटे, असं बरेच जण म्हणू लागले. काही खरंच खोटे होते. पण जर्मनीत बाड नाउहाइमला दिदिए स्तेनिये यांच्या गटाने ईजीएफएल7 या रक्तवाहिन्यांशी संबंधित जनुकावर 2015 साली दाखवलं, की म्युटंटमध्ये त्याच्या जवळपासची दुसरी जनुकं वाढीव काम करत होती. मॉर्फोलिनो दिलेल्या भ्रूणात ती तशी वाढत नव्हती. 2019 मध्ये त्याच गटाने कारणही मांडलं: बिघडलेला एमआरएनए पेशी मोडून टाकते आणि त्या मोडतोडीतूनच सारख्या घडणीच्या जनुकांना वाढायचा इशारा जातो. जनुक असं कापलं की त्याचा एमआरएनए तयारच होऊ नये, तर हा इशारा जात नाही आणि बिघाड दिसतो.

तेव्हा वर्गात 'निरुपयोगी' म्हणू नका. पेशीने ते नसण्याची सोय केली, एवढंच म्हणता येतं. आणि पाठ्यपुस्तकातलं 'एक जनुक, एक प्रथिन, एक लक्षण' हे वाक्य शिकवताना शेवटचे दोन शब्द गिळले तरी चालतील.

प्रश्न: सुनेला चौथा महिना आहे. ग्रहणात भाजी चिरू नये, बाळाचा ओठ फाटतो, असं मी म्हटलं तर ती तुमचा लेख पुढे करते. तुम्हीच सांगा. (एक वाचक, कराड)

ताई, सून बरोबर आहे. तुमची काळजी कळते, पण चौथ्या महिन्यात ओठाचा निकाल कधीच लागून गेलेला असतो. वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन सातव्या आठवड्याच्या आसपास जुळतो. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं.

ओठ दुभंगण्यामागे बहुतेक वेळा अनेक कारणं मिळून असतात, पण काही कुटुंबांत आयआरएफ6 या एका जनुकातला बिघाड सापडतो. अडचण अशी, की रुग्णाच्या जनुकात एखादं अक्षर बदललेलं दिसलं तरी तो बदल घातक की निरुपद्रवी, हे नुसतं वाचून ठरत नाही. इथे मासा कामाला आला. ज्या मादीत आयआरएफ6 नाही तिच्या अंड्यांतल्या भ्रूणांचं बाहेरचं आवरण नीट बनत नाही आणि ती काही तासांत फुटतात. अशा अंड्यात, पहिलं विभाजन व्हायच्या आत, केसाहून बारीक काचेच्या सुईने माणसाच्या आयआरएफ6 चा एमआरएनए टोचायचा. तो धड असेल तर अंडं तगतं. रुग्णातला बदललेला असेल आणि अंडं फुटलं, तर बदल घातक. माशाला आपल्यासारखा ओठ नाही, त्याचं ते जनुक सुरुवातीला त्वचेचं वेगळंच काम करतं, तरी माणसाच्या प्रथिनाने त्याचं अडलेलं काम होतं. अमेरिकेतल्या एका गटाने 2017 मध्ये अनेक रुग्णांतले बदल असे तपासून छापले.

सुनेला विळी घ्यायची नसेल तर ग्रहण नसतानाही घेऊ देऊ नका, चौथ्या महिन्यात तेवढी चैन तिला परवडते. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीची तारीख मात्र चुकवू नका, तिच्यात ओठही बघतात. पुढच्या खेपेचा विचार असेल तर फोलिक ॲसिड दिवस जायच्या आधीपासून घ्यायचं असतं, चेतानलिकेच्या (मेंदू आणि चेतारज्जू जिच्यातून होतात त्या नळीच्या) व्यंगांसाठी. ती नळी तर ओठाच्याही आधी मिटते. आणि तुमच्याकडे किंवा तिच्या माहेरी कुणाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ग्रहणाची तारीख ते विचारणार नाहीत.